वाटीतली काडतुसे

आमच्या गावात फौजदार आला की लोक त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पाण्याच्या तांब्याकडे बघत. त्याने तांब्या हातात घेतला तर घरच्यांचा जीव भांड्यात पडे. नको म्हणाला, तर ज्या ओसरीवर तो उभा असेल त्या घराने काय ते समजून घ्यायचे.

गाव आमचे नंदुरबार तालुक्यातले, धानोऱ्याच्या अलीकडे. तेव्हा जिल्हा पश्चिम खानदेश, आणि मोठे साहेब सगळे धुळ्याला. तालुक्यात आम्हाला माहीत असलेला सरकारचा माणूस म्हणजे हा म्हातारा फौजदार. शिपाई म्हणून भरती होऊन तो चढत चढत फौजदारीपर्यंत आला होता. मूळचा घाटावरचा, पण उमेदीची वर्षे तळोदा, अक्कलकुवा, नवापूर अशी डोंगराच्या कडेकडेने काढलेली, त्यामुळे अहिराणी त्याला आमच्याइतकीच समजे. बोलताना मात्र तो आपलीच बोली बोले. कमरेला जाड चामड्याचा पट्टा, पट्ट्याला झाकणाचे म्यान, त्यात रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या मुठीच्या कडीला बांधलेली दोरी गळ्यात. ते रिव्हॉल्व्हर इतके जुने होते की त्याचा काळा रंग जाऊन कडांना पांढरे लोखंड दिसत होते.

त्याची एक रीत होती. कुणाच्या घरी जेवायला, किंवा नुसते पाणी प्यायला बसायचे असले तरी तो आधी गळ्यातली दोरी काढी आणि रिव्हॉल्व्हर मधून मोडल्यासारखे उघडी. आतली काडतुसे एकदम वर येत. ती तो घरच्या बाईपुढे धरी. बाईने वाटी आणायची, काडतुसे वाटीत घ्यायची आणि वाटी चुलीपासून लांब फडताळात ठेवायची. मग तो रिकामे रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरून घरधन्याला दाखवी. सगळ्या भोकांतून पलीकडचे आभाळ दिसे. तेवढे झाले की ते खुंटीला अडकवून, चामड्याचा पट्टा उतरवून, हातपाय धुऊन तो पाटावर बसे. निघताना बाई वाटी परत देई.

हे तो डोंगरात शिकला म्हणत. तिकडे भिल्लाच्या घरी पाहुणा येतो तेव्हा दारातच धनुष्याची दोरी उतरवतो, मग आत पाऊल टाकतो. दोरी न उतरवता आला तो जेवायला आलेला नाही, असे धरायचे. फौजदाराने तीच रीत आपल्या हत्याराला लावली. पण मग तिची दुसरी बाजूही आपोआप आली. ज्या घरावर त्याचा संशय असे, तिथे तो काडतुसे काढत नसे, आणि काडतुसे काढली नाहीत म्हणजे पाण्याला शिवत नसे.

बेचाळीसच्या चळवळीचे ते वर्ष. पावसाळा सरल्यावर तो आमच्या घरी आला आणि पाणी नको म्हणाला.

मी तेव्हा नुकताच पुण्याहून बी.ए. होऊन परतलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. खरे तर चौथी झाल्यावर मास्तरांनी माझ्या थोरल्या भावालाच पुढे पाठवा म्हणून सांगितले होते. पण बाबांना एकट्याने शेत ओढवत नव्हते, म्हणून दादा नांगराला लागला आणि त्याच्या वाट्याची शाळा मला मिळाली. मी नंदुरबारच्या हायस्कुलात असताना दर बाजाराला तो गाडीतून माझ्यासाठी पीठ आणि डाळ घेऊन यायचा, खोलीच्या दारातच उभा राहून माझ्या वह्या चाळायचा, “चांगलं लिखस रे तू” म्हणायचा आणि गाडी फिरवायचा. त्याचे उपकार फिटण्यासारखे नाहीत, आणि ते फिटावेत असे मला कधी वाटलेही नाही.

त्या वर्षी नंदुरबारला पोरांवर गोळी चालली. त्यानंतर आमच्या बाजूच्या काही तरुणांनी रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या तारा तोडल्या. त्यांत दादा होता. बाकीचे सापडले, दादा तापी ओलांडून निसटला. मी त्या दिवसांत पुण्यात पुस्तकांत डोके घालून बसलो होतो. परत आलो तो घरात दादा नाही, वहिनी माझ्याशी बोलत नाही आणि बाबा दिवसभर शेतात. मी सरकारी हायस्कुलात मास्तरकीसाठी अर्ज केला होता आणि अशा अर्जावर पोलीस चौकशी होत असे. गावाने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. एक भाऊ फरारी, दुसरा सरकारची नोकरी मागतोय. मग नोकरीच्या बदल्यात काय देणार, हे उघडच आहे. मी विहिरीवर गेलो की तिथले बोलणे पिकापाण्याकडे वळे.

म्हाताऱ्या फौजदाराने त्या दिवशी पाणी नाकारून माझी ट्रंक उघडायला लावली. एकेक पुस्तक हातात घेऊन तो ते उलटे धरून झटके. त्यातून काही पडले नाही. मग तो मला म्हणाला, “तुमचा भाऊ कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मी नाही म्हणालो. ते खरे होते. माझ्यामागे बाबा उभे होते, त्यांना ठाऊक होते, आणि माझ्यापासून ते लपवले गेले होते. हे मला त्याच क्षणी समजले, कारण फौजदार माझ्याकडे बघतच नव्हता. प्रश्न मला विचारून तो बाबांचा चेहरा वाचत होता.

तो गेल्यावर मी मायला विचारले. ती म्हणाली, “तुले कसाले सांगाणं? तुले माहीत नही तेच चांगलं.” तिने ते मायेने म्हटले की संशयाने, हे मला तेव्हा ठरवता आले नाही.

थंडी पडू लागली तेव्हा एका बाजाराच्या दिवशी डोंगरातला एक पावरा आदिवासी आमच्या खळ्यात येऊन बसला. तो गेल्यावर बाबांनी मला पहिल्यांदा सगळे सांगितले. दादा अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात त्याच्या घरी होता. त्याला हिवताप धरला होता. एक दिवसाआड अंगात थंडी भरे, मग ताप, आणि आता तो उठून बसतही नव्हता. तिकडे औषध नाही. खाली आणला तर पोलीस धरणार. धरतील याची बाबांना भीती नव्हती. त्यांना भीती होती ती वाटेतली. आरोपी पळू लागला म्हणून गोळी घातली, असे त्या वर्षी कानावर येत होते. खरे किती, खोटे किती, कोण सांगणार?

बाबा नंदुरबारला जाऊन म्हाताऱ्या फौजदाराला भेटले. काय बोलणे झाले ते त्यांनी घरी आल्यावर तोडकेमोडके सांगितले. दोन दिवसांनी फौजदार आमच्याकडे आला, दोरी काढली, रिव्हॉल्व्हर उघडले, मायपुढे काडतुसे धरली. मायने वाटी आणली. तो घटाघट पाणी प्यायला. मग बाबांना म्हणाला, “पोराला घरी आणा. येत्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी येईन. त्याच्या पंगतीला बसेन. गावात बेडी घालणार नाही. गाडीतून सरळ नंदुरबार, आणि तिथं आधी डॉक्टर.”

तो गेल्यावर वहिनी चुलीपाशी बसून, कुणाकडे न बघता म्हणाली, “पानी पिना म्हंजे काय सोयरा व्हयना?”

 बाबांचा त्या रीतीवर विश्वास होता, पण वहिनीचे म्हणणेही त्यांना खोडता येत नव्हते. ती रात्र त्यांनी ओसरीवर बसून काढली.

बाजाराच्या दिवशी पहाटे दादाला कडब्याच्या गाडीत झाकून आणले. मी त्याला ओळखले नाही. चेहरा पिवळा, गालांत खड्डे, घोंगडीत गुंडाळलेला. मला बघून तो हसला आणि पहिले काय विचारले, तर “पास व्हयना ना?” मी हो म्हणालो. आम्ही त्याला मधल्या घरात निजवले. मायने त्याच्यासाठी मुगाची पातळ खिचडी टाकली, आणि पाहुण्यांसाठी वांग्याचे भरीत, ज्वारीच्या भाकरी, ठेचा.

दुपारी गावाच्या तोंडाशी दमणी, बैलांची हलकी गाडी, थांबली. म्हातारा फौजदार उतरला, त्याच्यामागे लाठ्या घेतलेले दोन शिपाई, आणि त्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढे चालत, एक तरुण साहेब.

तो धुळ्याहून आलेला इन्स्पेक्टर होता. माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. त्याचे कपडे कडक इस्तरीचे होते आणि कमरेला लहानसे, चपटे म्यान होते. गळ्यात दोरी नव्हती. म्हाताऱ्या फौजदाराने बाबांकडे बघून नुसती मान हलवली. साहेबांना कळले आणि साहेब स्वतः आले, आता माझ्या हातात किती आहे ते तुम्हीच बघा, असा त्या मानेचा अर्थ होता.  ठरल्याप्रमाणे नव्हते, पण माणूस घरात होता आणि त्याला आता परत डोंगरात नेता येणार नव्हते.

इन्स्पेक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलला. मी कुठल्या कॉलेजात होतो, कुठले विषय घेतले, असे विचारले. गोड बोलत होता. बाबा माझ्याकडे बघत होते, वहिनी दाराआडून बघत होती. त्यांना त्या बोलण्यातला एकही शब्द कळत नव्हता, तरी ती दोघे त्यातून काय काढत असतील ते मला कळत होते. मी त्याला मराठीत उत्तरे देऊ लागलो.

म्हाताऱ्याने ओसरीवर नेहमीचे सगळे केले. दोरी काढली, रिव्हॉल्व्हर उघडले, काडतुसे मायच्या वाटीत घातली, उजेड दाखवला, खुंटीला अडकवले. मग अवघडून म्हणाला, “साहेब, इथं अशी रीत आहे. मी शब्द दिलाय.”

 इन्स्पेक्टरने किंचित हसून म्यानातून पिस्तूल काढले. ते चपटे, काळे, नवे होते. म्हाताऱ्याच्या हत्यारासारखे फुगीर पोट त्याला नव्हते. त्याने अंगठ्याने कुठेतरी दाबले तशी मुठीच्या खालून एक चपटी लोखंडी पेटी सरकून हातात आली. तिच्या तोंडाशी काडतुसाचे पिवळे टोक दिसत होते. ती पेटी त्याने स्वतःच्या हाताने वाटीत ठेवली. पिस्तुलाला खुंटीला अडकवायची कडी नव्हती, म्हणून की काय, ते त्याने पाटाशेजारी, उजव्या मांडीपाशी ठेवले.

बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मधल्या घराकडे वळून दादाला हाक मारायला तोंड उघडले.

“थांबा,” माय म्हणाली.

ती वाटी धरून तशीच उभी होती. वाटीकडे नाही, मांडीपाशी ठेवलेल्या पिस्तुलाकडे बघत होती.

“त्यामा उजेड कोठे दिसना?”

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, काडतुसे तुझ्या हातात आहेत, आता गप्प बस. माय गप्प बसली नाही. ती माझ्याकडे वळली. “म्हातारा फौजदारनी उजेड देखाडा. यानी नही देखाडा. भाऊ, तू सांग त्याले, त्याले आपलं बोलनं समजत नही.”

माझ्या नोकरीच्या चौकशीचा कागद कुठल्या टेबलावर पडला असेल याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. आला. दाराआड वहिनीच्या बांगड्या वाजल्या. मी म्हणालो, “साहेब, माझी आई म्हणते, त्यातून उजेड दाखवा.”

“मॅगझीन तर तिच्याजवळ आहे,” तो म्हणाला. “आता ते नुसतं लोखंड.”

मी मायला ते सांगितले. ती म्हणाली, “डोयाले दिसनं का मंग मानसू.”

मी हेही सांगितले, एक शब्द कमी न करता. इन्स्पेक्टरच्या गालावरचे हसू गेले. त्याने पिस्तूल उचलले, तोंड अंगणाकडे केले आणि वरचा भाग खाडकन मागे ओढला.

आतून एक काडतूस उडाले, सारवलेल्या जमिनीवर पडले आणि घरंगळत मधल्या घराच्या उंबऱ्याला जाऊन लागले.

 मी त्या काडतुसाकडे बघत होतो आणि मग म्हाताऱ्या फौजदाराकडे बघितले. त्याचा चेहरा आमच्यासारखाच झाला होता. पेटी काढून घेतली तरी या हत्याराच्या पोटात एक गोळी उरू शकते, हे त्यालाही माहीत नव्हते. त्याच्या हत्यारात ते शक्यच नव्हते. ते उघडले की सगळे बाहेर येई आणि आभाळ दिसे. आयुष्यभर जी खूण त्याने पाळली आणि लोकांना पाळायला शिकवली, तिच्यावर भरवसा ठेवून आम्ही पोराला हाक मारणार होतो.

“राहिलं असेल,” इन्स्पेक्टर म्हणाला. “लक्षात आलं नाही.”

म्हाताऱ्याने हळू आवाजात विचारले, “साहेब, आत एक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“फौजदार, जेवून घ्या.”

हे उत्तर नव्हते. म्हातारा उठला. खुंटीवरचे रिव्हॉल्व्हर त्याने काढले. मला वाटले, आता हा पट्टा बांधणार आणि पाणी न पिता उठणार, म्हणजे सगळे संपले. तो मायपुढे आला आणि म्हणाला, “बाई, पदर धरा. हे तुमच्या ओटीत राहू द्या. माणूस गाडीत बसेपर्यंत.”

इन्स्पेक्टर म्हणाला, “ते सरकारी हत्यार आहे. मी हे वर कळवलं तर तुमची पेन्शन जाईल.”

“जाईल,” म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पाटावर जाऊन बसला.

माय ओटी सावरत भिंतीला टेकून खाली बसली. रिव्हॉल्व्हर तिच्या पदरात होते, दोरी जमिनीवर लोंबत होती. तिने हात लांब करून उंबऱ्यापाशी पडलेले ते काडतूस उचलले आणि वाटीत टाकले. मग तिनेच दादाला हाक मारली.

दादा लगेच आला नाही. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत होतो, इन्स्पेक्टरसुद्धा. मग भिंतीला हात लावत, घोंगडी ओढत तो बाहेर आला आणि म्हाताऱ्याच्या शेजारच्या पाटावर बसला.

असे जेवण मी पुन्हा पाहिले नाही. मायला ओटीतल्या ओझ्यामुळे उठता येईना, म्हणून वहिनीने वाढले. दादाने खिचडीचे दोन घास खाल्ले. म्हाताऱ्याने भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. इन्स्पेक्टर मात्र पोटभर जेवला, भरीत चांगले झाले आहे असे माझ्याकडून मायला सांगायला लावले. मनात पाप नसलेला माणूसच असा जेवेल, असे मला वाटले. पुढच्याच क्षणी वाटले, मनात पाप असलेला मुरलेला माणूसही असाच जेवेल.

हात धुऊन झाले. दादाला दमणीत बसवले. मायने म्हाताऱ्याला त्याचे रिव्हॉल्व्हर आणि त्याची काडतुसे परत दिली. इन्स्पेक्टरने हात पुढे केला, तशी तिने वाटी पदराखाली घेतली.

“ही वाटी नंदुरबारले भेटी,” ती म्हणाली.

याचे भाषांतर करावे लागले नाही. इन्स्पेक्टरने म्हाताऱ्याकडे बघितले. म्हातारा गळ्यात दोरी घालत होता, आणि त्या दोरीची गाठ त्याला काही केल्या सापडत नव्हती. शेवटी इन्स्पेक्टर मला इंग्रजीत म्हणाला की, परवान्याशिवाय काडतुसे जवळ बाळगणाऱ्याला कायद्याने काय होते हे तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला मी सांगायला नको. मग ठीक आहे म्हणून तो दमणीत चढला.

आम्ही आमची गाडी जुंपली. बाबा हाकायला, मी मागे वाटी मांडीवर घेऊन, वर मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. ती वाट मी कितीदा गेलो असेन, पण त्या दिवशी ती मला परकी वाटली. मला आता नवाच संशय धरला होता. आम्हाला वाटते आम्ही त्याला बांधून ठेवले, पण त्यानेच आम्हाला बांधले नसेल कशावरून? पोलिसांची काडतुसे माझ्या मांडीवर होती. नंदुरबारच्या वेशीत त्याने शिपायांना नुसती खूण केली असती, की बाप आणि दुसरा मुलगाही आत गेले असते. मी हे बाबांना सांगितले. त्यांनी बैलांची शेपटी पिरगाळली आणि पुढची दमणी नजरेआड होऊ दिली नाही.

वाटेत एका नाल्यात दमणी थांबली. दादाला खाली उतरवले. त्याच्या मागोमाग इन्स्पेक्टर उतरला. दोन्ही बाजूंना झाडी, रस्त्यावर माणूस नाही. बाबा गाडीत उभे राहिले. मी वाटीवर दोन्ही हात दाबून धरले. दादा ओणवा होऊन ओकत होता आणि इन्स्पेक्टर त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभा होता, कमरेवर हात ठेवून. मग त्याने खिशातला रुमाल काढून दादापुढे धरला. दादाने तो घेतला नाही, घोंगडीला तोंड पुसले. पुन्हा दोघे वर चढले. त्या वेळी मला मायचे म्हणणे खरे समजले. तिला काडतुसे नको होती. तिला एवढा रस्ता हवा होता.

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. म्हाताऱ्याने दादाला आत नेले. बराच वेळ तो बाहेर आला नाही. मग पायरीवर येऊन त्याने सांगितले की डॉक्टरला बोलावणे गेले आहे, पोराला आत खाट दिली आहे. तेव्हा बाबांनी माझ्याकडून वाटी घेतली, तिच्यावरचे फडके काढले आणि ती इन्स्पेक्टरपुढे धरली.

त्याने पेटी उचलून खिशात घातली, सुटे काडतूसही घातले. मला वाटले आता तो शिपायांकडे बघेल. तसे झाले नाही. त्याने पिस्तूल काढले, वरचा भाग मागे ओढून तसाच अडकवून ठेवला आणि ते मावळतीकडे धरून बाबांना जवळ बोलावले. बाबांनी वाकून बघितले. मीही बघितले. नळीतून तांबूस उजेडाचा एक ठिपका दिसत होता.

“आते दिसना,” बाबा म्हणाले.

ते काय म्हणाले, असे त्याने मला विचारले. आता दिसला, असे मी सांगितले. त्याने मान हलवली आणि तो आत गेला. तो आमची चेष्टा करत होता, की माफी मागत होता, की फक्त आपले हत्यार कसे आहे ते एका खेडुताला समजावत होता, हे आम्ही परतताना वाटभर बोलत आलो. काही ठरले नाही.

दादा जगला. तुरुंगाच्या दवाखान्यात त्याला हिवतापावरचे कोयनेल मिळाले, शिक्षा भोगून तो घरी आला आणि पुन्हा नांगराला लागला. म्हातारा फौजदार काही काळाने निवृत्त झाला आणि त्याची पेन्शन त्याला व्यवस्थित मिळाली, म्हणजे ओटीतल्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट इन्स्पेक्टरने कुठे कळवली नव्हती. माझ्या चौकशीचा कागदही स्वच्छ आला आणि मला मास्तरकी मिळाली. ज्या नोकरीने मी माझे घर उभे केले तिच्या मुळाशी त्या माणसाची सही असणार. त्याबद्दल मी त्याचे आभार मानावेत की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

वहिनीचे मत पक्के होते. पाप उघडे पडले म्हणून तो गप्प बसला, असे ती म्हणे. बाबा कधी हे म्हणत, कधी ते. मायला विचारले तर ती हातातले काम सोडत नसे.

दादाला मी पुष्कळ वर्षांनी, शेतात पाणी भरताना विचारले. तो म्हणाला, त्या दुपारी काडतूस उंबऱ्याशी येऊन थांबले ते त्याने दाराच्या फटीतून पाहिले होते. तेव्हाच तो परसदाराकडे सरकला होता आणि त्याचा एक पाय बाहेर होता. अंगात ताप होता, पण केळीच्या वाफ्यापर्यंत गेलो असतो, म्हणाला.

“मग परत का आलास?”

त्याने वाफ्याचे तोंड बांधले, दुसऱ्याचे फोडले.

“म्हातारानी त्यानं रिव्हॉल्व्हर मायना ओटीमा ठेवं. त्याना जवळ गमावाले तेच व्हतं. मंग मी कसा पळसू?”

“आणि तो दुसरा?”

पाणी पुढच्या सरीत पोचेपर्यंत दादा बघत राहिला.

“त्यानं मले आजबी माहीत नही,” तो म्हणाला.